पळसाची पाने आणि आफ्रिकेतले पहिले शहर

कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण मराठवाड्यात इतक्या सहजपणे बोलली जाते की ती मुळात प्रवासाची म्हण आहे, याकडे बोलणाऱ्याचे लक्ष जात नाही आणि ऐकणाऱ्याचेही जात नाही. नोकरी बदलली, सरकार बदलले, भाड्याचे घर बदलले आणि गाऱ्हाणे मात्र तेच राहिले, म्हणजे ही म्हण तोंडी येते. परंतु तिची मांडणी नीट पाहिली तर तिच्यात एक माणूस घर सोडून निघालेला आहे, त्याने दूरचा मुलूख गाठला आहे, तिथल्या रानातल्या एका झाडापाशी तो थांबला आहे आणि त्याने पाने मोजून पाहिली आहेत. मोजून झाल्यावर त्याला समाधान वाटले की निराशा, हे म्हण सांगत नाही. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाट्यावरून एखादा तरुण आफ्रिकेतल्या एखाद्या शहरी पहिल्यांदा जायला निघाला, तर त्याला निरोप देणारी माणसे हीच म्हण दोन उलट अर्थांनी वापरू शकतील: माणसे सगळीकडे सारखीच, घाबरायचे कारण नाही, असा धीरही तिच्यातून देता येतो, आणि एवढ्या लांब जाऊन वेगळे ते काय दिसणार, असे नाउमेदही तिच्याच आधाराने करता येते.

फाटा म्हणजे मोठ्या रस्त्यातून दुसरा रस्ता जिथे फुटतो ती जागा, आणि अशा जागेचे गावपण नेहमीच थोडे संशयास्पद असते, कारण तिथे थांबणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसरीकडे कुठेतरी जायचे असते. नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारी वाहतूक वारंग्याला दुभंगते. एक वाट आखाडा बाळापूर आणि कळमनुरीवरून हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे निघते आणि दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ, वर्धा, नागपूरकडे वळते. आजूबाजूच्या शिवारात सोयाबीन, हळद, कापूस अशी पिके असतात, बांधांवर आणि माळांवर पळस असतो आणि फाल्गुनात त्याची सगळी पाने झडून फांद्या फुलांनी लाल होतात. म्हणजे ज्या दिवसांत पळस सर्वांत जास्त डोळ्यांत भरतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याची पाने मोजता येत नाहीत. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला प्रवास नवा नसतो. तरीही नांदेडला जाऊन मुंबईची गाडी पकडणे आणि मुंबईहून समुद्रापलीकडच्या, ज्याविषयी शाळेच्या भूगोलात चार ओळींपलीकडे काही नव्हते अशा खंडातल्या शहरात उतरणे, यांतला फरक अंतराचा आहे की आणखी कशाचा, हा प्रश्न म्हणीने मिटवलेला दिसतो आणि म्हणूनच तिचा पिच्छा पुरवणे भाग पडते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर म्हणीतला हिशेब वेगळाच निघतो. पळसाचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर छोट्या पानांसारखे दिसणारे जे भाग असतात, ज्यांना पर्णिका म्हणतात, त्यांचे मिळून एक पान होते. पळसाला अशा पर्णिका तीन असतात, दोन समोरासमोर आणि तिसरी, आकाराने मोठी, टोकाशी. याचा अर्थ असा की म्हणीतल्या प्रवाशाने जी तीन पाने मोजली ते एकच पान होते, आणि त्या झाडावर तशी शेकडो पाने असूनही त्याने एकापलीकडे दुसरे मोजले नाही. बेलालाही पर्णिका तीनच, आणि याच जिल्ह्यात औंढा नागनाथासारखे ज्योतिर्लिंग असल्यामुळे बेलाचे त्रिदल इथल्या लोकांच्या हातात रोजचे आहे. तरी म्हणीत बेल आला नाही. त्याचे कारण शोधायचे तर असे म्हणता येईल की बेलाला क्वचित चार किंवा पाच पर्णिकांचे पान सापडते आणि ते सापडणे भाग्याचे मानले जाते, त्यामुळे बेलाच्या झाडाखाली माणूस वेगळे काही मिळेल या आशेने उभा राहतो, तर पळसाखाली अशी आशा नसते. पळसाचे पान पूजेपेक्षा जेवणावळीचे आहे. वाळलेली पाने पाण्याने ओलावून, एकावर एक कडा ठेवून, बारीक काड्यांनी टाचत पत्रावळ लावणारा हात ते पान जितके ओळखतो तितके डोळे ओळखत नाहीत, आणि हजारो पाने हाताखालून गेल्यावर त्या हाताला जी खात्री येते ती या म्हणीच्या मुळाशी असावी, असे मानावेसे वाटते. तसे असेल तर ही म्हण प्रवाशाने रचलेली नाही. ती एका जागी बसून पत्रावळी लावणाऱ्याने रचली आणि प्रवाशाच्या तोंडी घातली.

आफ्रिकेच्या बाबतीत तर ती अक्षरशः लावताच येत नाही, कारण पळस हे भारतीय उपखंडाचे आणि आग्नेय आशियाचे झाड आहे आणि आफ्रिकेच्या रानात ते आपोआप उगवत नाही. मात्र पळसासारखाच शेंगांच्या कुळातला, लाल फुलांचा आणि तीन पर्णिकांचा पांगारा महाराष्ट्रात आहे, आणि पांगाऱ्याचे जातभाई इथिओपियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आढळतात. वारंग्याहून गेलेल्या माणसाने तिकडे रस्त्याकडेला लाल फुलांचे झाड पाहिले, जवळ जाऊन पाने मोजली आणि ती तीन भरली, तर म्हण खरी ठरली असे त्याला वाटेल, आणि झाड मात्र पळसाचे नसेल. साम्य खरे आणि ओळख चुकीची, अशा या अवस्थेला काय म्हणावे हे ठरवणे कठीण आहे. पहिल्यांदा परमुलुखात उतरणाऱ्या बहुतेकांची अवस्था हीच असते आणि त्यांतले थोडेच जण झाडाचे नाव विचारण्याइतका वेळ थांबतात.

मराठी माणसाच्या आफ्रिकेतील आगमनाचे एक तपशीलवार नोंदलेले उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी १८६६ मध्ये जन्मलेले, पुण्यात १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन करणारे गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी इंग्लंडहून बोटीने केपटाउनला उतरले, तेव्हा त्यांच्या मागे एक मोठे काम होते. ठरावीक वर्षे ठरावीक मळ्यावर काम करण्याचा करार करून भारतातून मजूर परदेशी नेण्याची जी पद्धत होती, जिला मजुरांच्या बोलीत गिरमिट म्हणत, ती निदान नाताळ प्रांतापुरती बंद व्हावी यासाठी त्यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला होता आणि १९११ च्या जुलैपासून नाताळसाठी होणारी भरती थांबलीही होती; गिरमिट सर्वत्र बंद करावी असा १९१२ च्या मार्चमधला त्यांचा ठराव मात्र फेटाळला गेला होता. केपटाउनला त्यांचे स्वागत मोठे झाले, सरकारने प्रवासासाठी खास रेल्वेचा डबा दिला, दोन दिवसांचा प्रवास करून ते जोहान्सबर्गला पोहोचले तेव्हा स्थानकावर वास्तुविशारद हर्मान कालेनबाख यांच्या कल्पनेतली कमान उभी होती आणि भारतीयांनी दिलेले मानपत्र तिथल्या खाणींतल्या सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. या सोन्याच्या खाणी कोणाच्या श्रमावर चालत होत्या, हा प्रश्न त्या मानपत्राकडे पाहताना आज मनात येतो; त्या संध्याकाळी तो कोणाच्या मनात आला असेल किंवा नसेल.

या दौऱ्यातली एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दिलेले एक उपरणे गोखल्यांनी जिवापाड जपले होते आणि ते फार मोठ्या प्रसंगीच खांद्यावर घेत. जोहान्सबर्गच्या भारतीयांनी दिलेल्या मेजवानीच्या दिवशी ते काढले तर घड्या पडून चुरगळलेले होते, धोब्याकडे पाठवून परत येईल इतका वेळ नव्हता, आणि दौऱ्यात सोबत असलेल्या गांधींनी ते स्वतः इस्त्री करून देण्याची तयारी दाखवली तेव्हा गोखल्यांना त्यांच्या वकिलीची खात्री असली तरी इस्त्रीची नव्हती. उपरणे शेवटी गांधींनीच इस्त्री केले, हे त्यांच्या आत्मचरित्रात आले आहे. पुण्याच्या एका गुरूने दिलेले कापड, ते जपणारा शिष्य आणि त्या शिष्याला गुरू मानणारा काठेवाडी वकील, असे सगळे एका खोलीत आहेत आणि खोलीबाहेर जोहान्सबर्ग आहे. परक्या शहरात आपले असे जे काही माणूस सोबत नेतो त्याची घडी मोडू नये म्हणून त्याची किती धडपड चालते, हे या प्रसंगात दिसते आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. उलट त्या धडपडीला मान द्यावा असे वाटते. तरी प्रश्न उरतोच की सगळे लक्ष त्या घडीकडे असताना शहराकडे किती राहते.

गांधींनी आणखी एक आग्रह धरला होता. केवळ भारतीयांच्या सभांत गोखल्यांनी इंग्रजी सोडून मराठीत बोलावे आणि आपण त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करू, असे त्यांनी सुचवले. श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते, आणि त्यांना ती भाषा थेट कळणार होती. गांधींच्या मराठीविषयी गोखल्यांना शंका वाटणे साहजिक होते, पण त्यांनी ते मान्य केले आणि झांझिबारला दोघांची ताटातूट होईपर्यंत अशा सभांत ते मराठीत बोलले. म्हणजे १९१२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत मराठी भाषणे होत होती आणि ती समजणारी माणसे समोर बसलेली होती. पळसाच्या पानांचा याहून ठळक पुरावा कोणता मागावा? रत्नागिरीकडचा माणूस सातासमुद्रांपलीकडे जातो आणि त्याला रत्नागिरीकडचीच माणसे भेटतात. परंतु हा पुरावा असा मिळाला याचे कारण सभा त्यांच्याच होत्या, प्रश्न त्यांचाच होता आणि करारमुक्त मजुरांवर नाताळात १८९५ च्या कायद्याने बसवलेला वार्षिक तीन पौंडांचा कर रद्द करून घेणे हे काम पुढ्यात होते. त्या कामाचे मोल कमी करण्याचा इथे हेतू नाही. तीन पौंड ही रक्कम मजुराला चिरडणारी होती आणि १९१४ मध्ये तो कर उठला तेव्हा हजारो संसारांवरचे ओझे उतरले.

तरीही त्याच १९१२ च्या जानेवारीत ब्लूमफाँटेनला आफ्रिकी लोकांनी जी राष्ट्रीय संघटना स्थापन केली, जी पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून जगाला माहीत झाली, तिचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे यांची ओहलांगे येथील शाळा गांधींच्या फिनिक्स आश्रमापासून दूर नव्हती आणि गोखले तिथेही जाऊन आले. विद्यार्थ्यांनी त्यांना झुलू भाषेतली गाणी ऐकवली. दौऱ्याच्या गर्दीत ही भेट छोटी आहे, आणि कदाचित त्यामुळेच ती अधिक रेंगाळते, कारण त्या शाळेच्या अंगणात गोखले ज्या शहरांतून आले होते त्यांच्यापेक्षा आफ्रिकेच्या अधिक जवळ होते. केपटाउन हे डचांनी १६५२ मध्ये वसवलेले, इंग्रजांनी वाढवलेले आणि ज्यात बंगाल, मलबार, जावा, मादागास्कर इथून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज राहत होते असे शहर होते; जोहान्सबर्ग सोन्यासाठी १८८६ मध्ये उभे राहिले. प्रवासी आफ्रिकेतल्या शहरात पहिल्यांदा उतरतो असे म्हणताना ते शहर कोणाचे, हे आधीच ठरलेले आहे असे आपण धरून चालतो, आणि ते ठरलेले नसते.

म्हणीविषयी आणखी एक गोष्ट इथे लक्षात येते, ती अशी की परत फिरू शकणाऱ्यालाच ती शोभते. कोकणातून मुंबई बंदरामार्गे गिरमिटीवर मॉरिशसला गेलेले मराठी मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरत तेव्हा त्यांची नोंद होई, क्रमांक मिळे, पुढे छायाचित्रेही घेतली जात, आणि मग मळ्याचे नाव सांगितले जाई. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत भारताच्या निरनिराळ्या भागांतून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर आली, त्यांतली बरीच त्या धक्क्यावरच्या डेपोतून गेली, आणि २००६ मध्ये आप्रवासी घाट या नावाने त्या डेपोच्या अवशेषांचा जागतिक वारशात समावेश झाला. मराठी मजुरांच्या वंशजांनी कोकणातल्या जाखडी नाचाची झाकरी करून ती जिवंत ठेवली, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. पण पहिल्या दिवशी त्या धक्क्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने पाने मोजली असतील असे वाटत नाही. तीनच पाने आहेत हे सांगायला कोणीतरी घरी ऐकणारा लागतो.

आणि असा घरी न परतलेला, उलट्या दिशेने आलेला एक माणूस मराठवाड्याच्या इतिहासात आहे, ज्याच्यामुळे या सगळ्या विचाराची दिशाच फिरते. इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेला, चापू नावाचा मुलगा विकला गेला, मोखा आणि बगदाद या बाजारांतून हातोहात जात अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला, तिथे चंगेजखान या वजिराने त्याला विकत घेतले, आणि तो वजीर स्वतःही हबशी, म्हणजे मूळचा आफ्रिकीच होता. हाच मुलगा पुढे मलिक अंबर झाला. निजामशाहीचा कारभार त्याने हाती घेतला, मोगलांना पंचवीस वर्षे थोपवून धरले, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची जी पद्धत बसवली ती मलिकंबरी म्हणून मराठी मुलखाच्या आठवणीत राहिली, आणि १६१० मध्ये खडकी या छोट्या गावाचे त्याने राजधानीचे शहर केले. खडकीचे पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे.

वारंग्याच्या तरुणाला हे शहर परके नाही. विभागीय आयुक्तांचे कार्यालय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ, मोठा दवाखाना अशा कोणत्या ना कोणत्या कामासाठी मराठवाड्यातल्या माणसाला तिथे जावे लागते आणि पुष्कळांच्या आयुष्यात पाहिलेले पहिले मोठे शहर तेच असते. याचा अर्थ, शहर वसवणाऱ्यावरून शहर ओळखायचे ठरवले, जसे केपटाउनला डचांचे म्हणतात, तर हा तरुण विमानात बसण्याच्या कितीतरी आधी, एस.टी.च्या बसमधून, एका आफ्रिकी माणसाच्या शहरात पहिल्यांदा उतरून गेलेला असतो. तिथला भडकल दरवाजा अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाप्रीत्यर्थ उभारला. हर्सूलकडच्या डोंगरातले भूजल बंदिस्त नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणणारी नहर त्याने बांधली. जमिनीखालून वाहणाऱ्या या पाण्याला ठिकठिकाणी उभ्या विहिरींसारखी तोंडे ठेवली होती, ज्यांतून हवा खेळे आणि गाळ काढता येई. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली, पण शहर पुन्हा उठले. १६२६ मध्ये अंबर वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

परंतु ज्या नियमाने खडकी आफ्रिकी ठरते तो नियम टिकत नाही, हेही लगेच कबूल केले पाहिजे. अंबरने आणलेली नहर इराणी परंपरेतली आहे, दरवाजे दख्खनी आहेत, भाषा फारसी होती, त्याच्या सैन्यातली हलकी घोडदळे मराठ्यांची होती आणि शहाजीराजांसारखे सरदार त्याच्या बाजूने लढले; जन्मभूमीतले असे या शहरात त्याने काय ठेवले, हे भिंती आणि दरवाजे पाहून सांगता येत नाही. लहानपणी विकल्या गेलेल्या मुलाकडे घडी जपून ठेवावे असे उपरणे नव्हते. त्याने स्वतःच्या सुरतेचे शहर वसवले नाही, आणि तसे न करता आल्यामुळेच ते सगळ्यांचे झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या मोहात एका मुलाचे गुलाम होणे सोयीस्करपणे गिळले जाते, म्हणून तो आवरलेला बरा. हिंगोली ज्या राज्यात १९४८ पर्यंत होती त्या हैदराबाद संस्थानातही निजामाच्या पदरी आफ्रिकी घोडेस्वारांची तुकडी होती आणि हैदराबादेतल्या एका वस्तीला आजही त्या तुकडीच्या इंग्रजी नावावरून आलेले ए. सी. गार्ड्स हेच नाव आहे. आफ्रिकेतून माणसे इकडे येणे ही मराठवाड्याच्या दृष्टीने अपवादाची गोष्ट नव्हती; इकडून तिकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला मात्र आपण पहिलेच, असे वाटते.

आजच्या प्रवाशाची वाट पुष्कळदा मुंबईहून थेट आदिस अबाबाला जाते, कारण इथिओपियाच्या विमान कंपनीने त्या शहराला आफ्रिकेतल्या इतर शहरांकडे जाण्याचे मोठे बदलीचे ठिकाण करून ठेवले आहे. ज्या देशातून चापू गेला त्याच देशात वारंग्याचा माणूस उतरतो आणि एका अर्थाने तेही एका फाट्यावरच उतरणे असते. सम्राट मेनेलिक आणि सम्राज्ञी तैतू यांनी १८८६ मध्ये वसवलेले हे शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरपेक्षा उंच आहे, त्यामुळे आफ्रिका म्हणजे उकाडा हे घरून नेलेले समीकरण विमानतळाबाहेरच मोडते. भोवतालच्या डोंगरांवर निलगिरीची झाडे दाट आहेत. शहर वसल्यावर जळणासाठी आसपासची जंगले संपली, राजधानी हलवण्याचा विचार सुरू झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातून आणलेल्या या भराभर वाढणाऱ्या झाडाने शहराला तिथेच रोवून ठेवले. मराठवाड्यातही रस्त्यांच्या कडेला आणि बांधांवर निलगिरी लावली गेली आहे, त्यामुळे वारंग्याच्या माणसाला तो वास ओळखीचा येईल आणि म्हण पुन्हा खरी वाटेल. पण हे साम्य दोघांनी तिसऱ्याकडून झाड आणल्याचे आहे.

ज्वारीची गोष्ट याहून खोल आहे, आणि या लेखनाचा तोल तिने बिघडवला तरी ती सांगणे टाळू नये. पूर्व सुदानमध्ये सापडलेल्या मडक्यांच्या खापरांत ज्वारीच्या कोंड्याचे ठसे आहेत, ते पाच हजार वर्षांहून जुने आहेत आणि माणसाने ज्वारी लागवडीला आणल्याच्या सर्वांत जुन्या खुणांत ते मोडतात. तिथून पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत हे धान्य भारतात आले. बाजरी पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातली, नाचणी इथिओपिया आणि युगांडाच्या डोंगराळ भागातली, चवळी आफ्रिकेची, चिंचही मूळची तिकडचीच. कोकणातला नाचणीची भाकरी खाणारा मजूर पोर्ट लुईला उतरला तेव्हा, आणि देशावरचा ज्वारीची भाकरी खाणारा शिपाई अंबराच्या फौजेत चाकरीला राहिला तेव्हा, दोघांच्याही पोटात आफ्रिकेचे धान्य होते. इथिओपियात टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून इंजेरा करतात आणि मोठ्या थाळीत ती पसरून सगळे मिळून हाताने खातात. टेफ परवडत नाही तिथे ती ज्वारीचीही होते, आणि सुदानात ज्वारीच्याच पिठाची पातळ किसरा असते. वारंग्याचा माणूस ते पाहून आंबोळीची आठवण काढील, आणि पळसाच्या हिशेबाने ही आणखी एक तीन पानांची गोष्ट म्हणून नोंदली जाईल. ज्या साम्याने त्याला बरे वाटते ते साम्य म्हणजे जगाचा एकसारखेपणा आहे, की त्याच्या घरच्या तव्यापर्यंत येऊन पोहोचलेली आफ्रिका आहे, हे त्या घासाला कळण्याचा काही मार्ग नाही.

इतके कळल्यावर पहिल्यांदा उतरणाऱ्याला ते शहर अधिक नीट दिसेल, असे म्हणावे तर तेही ठामपणे म्हणवत नाही. गोखल्यांना आपली माणसे दिसली म्हणून त्यांच्या नजरेची मर्यादा दाखवावी, आणि त्याच वेळी आपल्या ताटातली भाकरी आफ्रिकेच्या नकाशात शोधत बसावे, यात दोन्हीकडे शहर बाजूलाच राहते. ज्वारीचे मूळ माहीत असणे ही त्या शहरावर आपला हक्क सांगण्याची नवी तऱ्हाही ठरू शकते. दुसरीकडे, काहीच ओळखीचे शोधायचे नाही, सगळे नवे म्हणून पाहायचे, असा निश्चय केलेल्या माणसाला ते शहर परके वाटेल तितकेच दिसेल आणि तिथल्या माणसाला आपण अनोळखी वाटत नसू, ही शक्यता त्याच्या लक्षातच येणार नाही. शिवाय ओळखही आता पूर्वीसारखी भरवशाची उरलेली नाही. वारंग्याच्या शिवारात ज्वारी मागे पडून सोयाबीन पुढे आले आहे, जे आफ्रिकेचेही नाही आणि मराठवाड्याचेही नाही, आणि फाट्यावरच्या तरुणाने ज्वारीचे कणीस हातात धरून हुरडा भाजलेला असेलच असे धरून चालता येत नाही. आदिस अबाबाच्या बाजारात ज्वारीचे पोते उघडे दिसले तर तो ते ओळखील की दुकानदाराला हे काय आहे म्हणून विचारील, आणि विचारलेच तर त्याला वाटलेले नवल आफ्रिकेविषयीचे असेल की स्वतःच्या आजीच्या स्वयंपाकघराविषयीचे, हे बाजूला उभ्या असलेल्या कोणालाही सांगता येणार नाही.